मैफल आणि शिकवणी सांभाळणाऱ्या गुरूंचा व्हायोलिन वर्ग

पुण्यातील एका घरगुती व्हायोलिन वर्गात मी दोन वर्षे शिकत असून, तेथील गुरू स्वतः मैफली करणारे कलाकार असल्याने त्यांचे शिकवणे पुस्तकी राहत नाही. पद्धत गायकी अंगाची, म्हणजे गळ्यातून गावे तसे वाद्यातून वाजवण्याची आहे. मूळच्या कर्नाटक संगीत परंपरेतील डॉ. एन. राजम यांनी गायक पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून व्हायोलिनवर हे अंग रुजवले आणि मैफलींबरोबरच बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापनही केले. त्या वाटेचा आदर येथे स्पष्ट दिसतो.

पहिले तीन महिने बंदिश नाही. मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून, गज (तारांवर फिरवायची काठी) टोकापासून टोकापर्यंत एकाच वजनाने ओढत केवळ षड्ज लावायचा. नंतर प्रत्येक ओळ आधी गळ्यातून म्हणायची आणि मगच वाजवायची. यमन रागातील निषादावरून षड्जाकडे जाणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) एकाच बोटाने घासत नेताना गुरुजी माझे मनगट दोन बोटांनी हलकेच धरतात, तेव्हा चूक कानाआधी हाताला कळते.

तक्रार एकच. डिसेंबर-जानेवारीत मैफलींचा हंगाम आला की तास वारंवार पुढे ढकलले जातात, आणि तसे कळवणारा निरोप कधीकधी आपण वाद्य घेऊन दाराशी पोहोचल्यावर येतो. शुल्क वाजवी आहे. गजाला लावायची राळ आणि तारा मात्र स्वतःच्या आणाव्या लागतात. लवकर परीक्षा देण्याची घाई असणाऱ्यांना हा वर्ग मानवणार नाही.