पहिली रिग: भाड्याची, वापरलेली की कोरी?

स्कायडायव्हिंगच्या ए लायसन्ससाठी, म्हणजे पहिल्या परवान्यासाठी, लागणाऱ्या २५ जंप पूर्ण झाल्या की शाळेची रिग, म्हणजे पाठीवर बांधायचा पॅराशूटचा सगळा संच, सुटते आणि प्रश्न उभा राहतो. यापुढेही भाड्याने घेत राहायचं, कुणाची तरी वापरलेली घ्यायची, की कारखान्यातून आपल्या मापाची शिवून घ्यायची? ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावर, ही चर्चा कायम चालू असते आणि बहुतेक वेळा ती ब्रँडपासून सुरू होते: व्हेक्टर की जॅव्हलिन, सेबर की पायलट. माझ्या मते ब्रँडचा विचार शेवटी करावा. आधी कॅनोपीचं, म्हणजे डोक्यावर उघडणाऱ्या छत्रीचं, माप ठरवावं. ते ठरलं की बाकीचा गुंता बराच सुटतो. हा आढावा अमेरिकेत उडणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे नियम आणि किमती तिकडच्या आहेत. किमती ढोबळ धराव्यात.

आधी माप

कॅनोपी चौरस फुटांत मोजतात. विमानाच्या दारातून बाहेर पडताना तुमचं सगळं मिळून जे वजन असतं ते पौंडांत घ्यायचं आणि कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचं. आलेला आकडा म्हणजे विंग लोडिंग. ७० किलोचा माणूस १५४ पौंडांचा. रिग, कपडे, बूट, हेल्मेट यांचे २५ ते ३० पौंड धरले की झाले १८० च्या आसपास. त्याने १९० ची कॅनोपी घेतली तर विंग लोडिंग ०.९५ येतं, १५० ची घेतली तर १.२. नवशिक्याने १ च्या आत राहावं, असं बहुतेक प्रशिक्षक सांगतात.

०.९५ आणि १.२ यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. उतरताना समोर अचानक कुणी आलं किंवा कुंपण दिसलं आणि तुम्ही घाबरून एका बाजूचं टॉगल (कॅनोपी वळवायची मूठ) खाली ओढलं, की तो कळतो. कॅनोपी वळताना नाक खाली घालते. लहान कॅनोपी जास्त उंची खाते, वेग जास्त घेते आणि पुन्हा सरळ व्हायला तिला जास्त जागा लागते. व्यवस्थित उघडलेल्या, ठणठणीत कॅनोपीखाली जमिनीजवळ मारलेलं वळण हे या खेळातल्या मृत्यूंचं वर्षानुवर्षांचं मोठं कारण आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ५० किलोच्या मुलीसाठी १५० ची कॅनोपी हिशेबाने ०.९ वर येते, म्हणजे सुरक्षित वाटते. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात आणि विंग लोडिंग सारखं असलं तरी ती मोठीपेक्षा चपळ वळते. त्यामुळे हलक्या वजनाच्या जंपरने नुसत्या भागाकारावर विसंबू नये, एक माप मोठंच घ्यावं.

"पुढे लहान घ्यावीच लागेल, मग आत्ताच घे, पैसे वाचतील," हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. प्रेमाने मिळेल, अनुभवी माणसाकडून मिळेल. तो ऐकू नका.

तिन्ही वाटा शेजारी ठेवल्या तर

भाड्याने घेतली तर जंपमागे साधारण २५ ते ३५ डॉलर जातात, शिवाय जंपचं तिकीट वेगळं. शंभर जंपांत तीन हजार डॉलर जातील, आणि हाती काही उरणार नाही. तरीही सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी मी भाड्याचीच बाजू घेईन, कारण माप बदलायची मोकळीक फक्त इथेच असते. २१० वरून १९० वर येऊन पाहिलं, नाही जमलं, तर पुढच्या शनिवारी पुन्हा २१०. रिझर्व्हची (राखीव कॅनोपीची) घडी, ती आपोआप उघडणाऱ्या एएडी यंत्राची देखभाल हे सगळं मालकाकडे. मोठी खोट अशी की दर वेळी रिग वेगळी. एकीवर रिझर्व्हचं हँडल धातूचं कडं असतं, दुसरीवर मऊ उशीसारखं. हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) कधी घट्ट, कधी सैल. संकटात हात न बघता जिथे जायला हवा ती जागा जंपगणिक थोडी सरकत राहते. भाड्याची रिग चढवल्यावर विमानात बसण्याआधी दोन्ही हँडलांना (एक मुख्य कॅनोपी सोडायचं, दुसरं रिझर्व्ह उघडायचं) हात लावून पाहायची सवय म्हणूनच सोडू नये.

वापरलेली पूर्ण रिग साधारण ३,५०० ते ६,००० डॉलरांत मिळते. पहिल्या खरेदीसाठी माझा कौल हिलाच. नीट निवडलेली वापरलेली रिग दीडशे जंपांनंतर तुम्ही लहान मापावर जाता तेव्हा घेतलेल्या किमतीच्या आसपास विकली जाते. मात्र ही एक वस्तू नसून चार वस्तू आहेत, आणि चौघींचं वय वेगळं असतं: कंटेनर (हार्नेससकट पाठीवरची पिशवी), मेन (मुख्य कॅनोपी), रिझर्व्ह, एएडी. प्रत्येकीवर उत्पादनाची तारीख असते. जाहिरातीतला शब्द धरू नका, तारखा मागा. वीस वर्षांहून जुनं सामान पॅक करायला बरेच रिगर (पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणारे परवानाधारक) नकार देतात, म्हणजे स्वस्त मिळालेली जुनी रिग घरात शोभेपुरती राहू शकते.

मेनच्या कापडापेक्षा दोऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (कॅनोपी उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाच्या उष्णतेने आकसतात, आणि सगळ्या सारख्या आकसत नाहीत. मग कॅनोपीचा तोल बिघडतो, ती वेडीवाकडी किंवा झटक्याने उघडायला लागते. नव्या दोऱ्या बसवायला काहीशे डॉलर लागतात. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत रिझर्व्हच्या मापात होते. मेन १९० ची, छान मोठी, आणि त्याच कंटेनरमध्ये रिझर्व्ह १२६ ची! आधीचा मालक लहान चणीचा किंवा फार अनुभवी असावा. विचार करा, रिझर्व्हखाली तुम्ही कधी उतराल? मेन बिघडलेली, उंची गेलेली, जागा अनोळखी, कदाचित हवेत कुणावर तरी आदळून शुद्ध हरपलेली. त्या अवस्थेत तुम्हाला आयुष्यातली सर्वात लहान कॅनोपी डोक्यावर नको आहे. इतर सगळं उत्तम असलं तरी अशी रिग मी सोडून देईन.

कोरी रिग ८,००० ते ११,००० डॉलरांच्या घरात जाते आणि मागणी नोंदवल्यावर काही महिने थांबावं लागतं. मापे घेऊन शिवलेला हार्नेस अंगाला बसतो, हे सुख खरं आहे. स्कायहुकसारखी व्यवस्था सुरुवातीपासून मिळते: बिघडलेली मेन सोडून दिली की जाता जाता तीच रिझर्व्ह खेचून बाहेर काढते. हा बिल बूथ यांचा शोध. मेन सोडणारी तीन कड्यांची यंत्रणाही त्यांचीच, आणि ती आज जवळपास प्रत्येक रिगवर आहे. पण कंटेनर ठरावीक आकाराच्या कॅनोपीसाठीच शिवला जातो, एखादं माप वर, एखादं खाली एवढीच सवलत. आज योग्य असलेल्या १९० साठी शिवलात तर दोन वर्षांत तो मोठा पडणार. उद्याच्या १५० साठी शिवलात तर आज त्यात धोक्याइतकी लहान कॅनोपी ठेवावी लागणार. शिवाय नव्या झिरो-पोरॉसिटी (हवा न झिरपणाऱ्या) कापडाची घडी इतकी निसटते की नवशिक्याचा अर्धा दिवस पॅकिंगच्या चटईवर जातो.

याला एक अपवाद मी मनापासून करते. पाच फूट किंवा त्याहून थोडी कमी उंची आणि लहान चण असलेल्या मुलींना वापरलेला हार्नेस बसणारा सहसा मिळत नाही. मोठा हार्नेस मास्टर रिगरकडून लहान करून घेता येतो, पण तो खर्च आणि थांबणं धरलं तर कोरा कंटेनर आणि त्यात वापरलेली मेन हा मेळ चांगला ठरतो.

एएडी: सायप्रेस की व्हिजिल

तुम्ही हँडल ओढलंच नाही तर ठरावीक उंचीवर रिझर्व्हचा बंद कापून ती उघडणारं हे छोटं यंत्र. जर्मनीच्या एअरटेकचं सायप्रेस १९९१ पासून आहे, व्हिजिल बेल्जियमचं. अनुभवी जंपरच्या मोडमध्ये दोन्ही साधारण सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेग असेल तरच काम करतात. सायप्रेस सुमारे ७५० फुटांवर, व्हिजिल ८४० फुटांवर. व्हिजिलचं आयुष्य २० वर्षं आणि कारखान्याकडे पाठवायची सक्ती नाही. नव्या सायप्रेसचं साडेपंधरा वर्षं, आणि मधल्या तपासणीची व्यवस्था आहे. खर्चाच्या हिशेबात व्हिजिल सोयीचं. मी सायप्रेस निवडलं, कारण ते यंत्र मधूनमधून बनवणाऱ्याच्या हाताखालून जावं असं मला वाटतं. तुम्ही दुसरं घेतलंत तरी चूक नाही. वापरलेलं घेताना उरलेल्या वर्षांचेच पैसे द्यायचे, एवढा साधा हिशेब आहे.

बाकीचं थोडक्यात. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) मनगटावर काट्याचा घ्या. बॅटरी लागत नाही आणि काट्याचा कल नजरेच्या कोपऱ्यातूनही कळतो. डिजिटल अचूक असतो, जंपची नोंद ठेवतो, पण आकडा वाचावा लागतो. कानाशी वाजणारा ऑडिबल जोडीला हवा, आधाराला नको. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं थंडीत उबदार, उघडं स्वस्त; डोक्याला नीट बसेल ते घ्या, आणि ते कोरंच घ्या. त्यावर कॅमेरा लावायचा विचार २०० जंपांपर्यंत करू नये, अशी यूएसपीएची, म्हणजे अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेची, शिफारस आहे. कपड्यांचा नियम एकच: कुठलंही हँडल झाकलं जाता कामा नये. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा बातमी साडीची झाली. मला त्यात त्यांचा अनुभव दिसतो. काष्ट्यामुळे मांडीचे पट्टे बसत असतील, पण मोकळं कापड कुठेही हँडलवर येऊ न देणं नवशिक्याचं काम नव्हे.

रिग घरी आल्यावर

स्वतःची रिग म्हणजे स्वतःचं वेळापत्रक. अमेरिकेत दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून रिझर्व्ह पुन्हा पॅक करावीच लागते, वापरली असो वा नसो. रिग उन्हापासून लांब ठेवायची, कारण अतिनील किरणांनी नायलॉनचा दम जातो. तापलेल्या गाडीच्या डिकीतही नको. मुंबईला पावसाळ्यात घेऊन जाणार असाल तर कोरडी जागा आधी शोधून ठेवा. प्रवासात ती केबिनमध्येच न्यावी. आयुर्विमा काढताना हा छंद अर्जात लिहावा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी घरच्यांच्या अंगावर येते.

शनिवार कसा जातो, हेही निर्णयात धरा. सकाळी पोहोचता, दुपारी वारा वाढतो, ए लायसन्सवाल्यांच्या जंप आधी थांबवतात, संध्याकाळी पुन्हा दोन जंप होतात. मधल्या वेळात स्वतःची रिग असणारा पॅकिंग शिकतो, आणि आपण बांधलेली कॅनोपी कशी उघडली हे जंपगणिक ओळखू लागतो. भाड्याच्या रिगने हे शिक्षण सहसा होत नाही.

पण महिन्यातून एखादाच शनिवार मिळत असेल, लेकरं लहान असतील, नोकरी फिरतीची असेल, तर तूर्त रिग घेऊ नका. ए लायसन्सवाल्याने ६० दिवसांत जंप केली नाही तर पुढची देखरेखीखाली करावी, अशी शिफारस आहे. तुम्ही त्या रेषेच्या आसपास घोटाळत असाल तर तेच चार-पाच हजार डॉलर जंपच्या तिकिटांना, कॅनोपी कोर्सला आणि विंड टनेलमधल्या सरावाला द्या, आणि सलग सहा महिने दर महिन्याला चार-पाच जंप होऊ लागल्या की रिगरला फोन करा.