3 की 8? थडग्यावरच्या एका आकड्यात बुडालेले पैसे

इंग्लंडमधल्या एका चर्चच्या आवारातला व्हिक्टोरियन काळातला वाळूखडकाचा दगड. त्यावरून घराण्याचा इतिहास काढून देतो म्हणत एका ‘संशोधका’ने एका कुटुंबाकडून सगळे पैसे आगाऊ घेतले आणि जाडजूड वंशावळ हातात ठेवली. निम्मी वंशावळ दुसऱ्याच माणसाची निघाली.

दगडावर नवऱ्याचं मृत्यूसाल 18?8 आणि वय ?6, एवढंच उरलं होतं. वाळूखडकाचे पापुद्रे सुटतात. 8 ची डावी बाजू गळाली की झाला 3. संशोधकाने वाचलं 1838, वय 36. खरं होतं 1888, वय 86. गोम अशी की दोन्हींतून जन्मसाल 1802 च येतं. त्यामुळे जोडलेली बाप्तिस्म्याची नोंद अस्सल होती, आणि तिच्याच जोरावर बाकीचं खपलं. माणूस 1838 मध्ये मेला म्हटल्यावर पुढची मुलं कुणाची? ती त्याच नावाच्या एका जमीनदाराच्या नावावर टाकली, वर ‘घराण्याचं मानचिन्ह’ वेगळे पैसे घेऊन विकलं. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं.

अहवालात दगडाच्या खालच्या अर्ध्याचाच फोटो होता. वरच्या अर्ध्यात आधी बायकोचं नाव, मृत्यू 1871, आणि तिथे ‘वाइफ’ लिहिलंय. विधवेसाठी त्या काळी सहसा ‘रेलिक्ट’ किंवा ‘विडो’ लिहीत. नवऱ्याची ओळ त्याखाली, ‘ऑल्सो ऑफ द अबव्ह’ (‘तसंच वर उल्लेखलेल्या’) अशी सुरू होणारी. म्हणजे 1871 मध्ये गृहस्थ हयात होते! म्हणून पूर्ण दगडाचा फोटो मागावा, तोही बाजूने तिरका प्रकाश पाडून काढलेला. आरशाने ऊन वळवलं तरी पुसट अक्षरं उठून दिसतात.

पडताळणी घरबसल्या होते. इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत वयही मिळतं, आणि सूची पाहायला पैसे पडत नाहीत. दोन्ही सालं, दोन-दोन वर्षं मागेपुढे, शोधावीत. खऱ्या नोंदीला जिल्हा, तिमाही, खंड आणि पान असतं. इथे यातलं काहीच दिलं नव्हतं. उलट ‘मृत्यूच्या दाखल्यातून’ आईवडिलांची नावं दिली होती. प्रौढ माणसाच्या त्या काळच्या इंग्लिश दाखल्यात ती नसतातच. स्कॉटलंडच्या दाखल्यात 1855 पासून असतात. 1841 च्या जनगणनेत वय 35 दिसलं तर दचकू नये, पंधरा वर्षांवरच्यांची वयं तेव्हा बहुतेक खाली पाचाच्या पटीत उतरवली जात.

एक मुलगा पुण्यात वारल्याचा उल्लेख दगडावर आहे. त्यासाठी ‘भारतात जाऊन शोध’ असा खर्च लावला. मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदींच्या प्रती तेव्हा लंडनला पाठवल्या जात, आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूचीही मोफत चाळता येते.

या महाशयांनी अक्षरं ‘स्पष्ट’ करायला तारेचा ब्रश चालवला, त्यात तो आकडाही गेला. (पाणी आणि मऊ ब्रश, याहून जास्त काही लावू नये, आणि तेही परवानगीने. पापुद्रे सुटत असतील तर तेवढंही नाही.) आता दगडावरून मृत्यूसाल किंवा वय सिद्ध होत नाही. पण दफनाच्या छापील नोंदवहीत 1813 पासून वयाचा रकाना आहे, आणि त्यात 86 लिहिलंय.