आखाजीच्या रात्री गच्चीवर काय लावावं : फुटका चष्मा की बासरी?

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, घर भरतं. पुण्या-सुरतेची पोरं येतात, माहेरवाशिणी येतात, दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस झाला की ऊन कलेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. रात्री गच्चीवर पाणी मारून सतरंज्या टाकल्या की मात्र सगळ्यांना काहीतरी बघायचं असतं. आमच्याकडे चादरीवर प्रोजेक्टर लागतो आणि निवड माझ्या गळ्यात. यंदा चाळीसगावच्या भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही दाखवलेल्या त्या दोन जुन्या एपिसोडांपैकी आमच्याकडे कोणता लावू?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. शेवट फोडल्याशिवाय निवड सांगता येत नाही, तेव्हा ज्यांना तो कळायला नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

पहिला 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन टीव्ही मालिकेतला, 'टाइम इनफ ॲट लास्ट'. १९५९ सालचा, कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. हेन्री बेमिस हा बँकेतला कारकून, जाड भिंगांचा चष्मा, वाचनाचं वेड. गिऱ्हाइकाला पैसे मोजून देतानाही पुस्तकाच्याच गोष्टी. साहेब दम देतो. बायको तर गोड बोलून कविता वाचायला सांगते, आणि हा पुस्तक उघडतो तर प्रत्येक पानावर तिने आधीच रेघोट्या ओढून ठेवलेल्या. जेवणाच्या सुट्टीत तिजोरीच्या खोलीत वाचत बसलेला असताना बाहेर बॉम्ब पडतो आणि हा एकटाच जिवंत राहतो. पडक्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर महिन्या-महिन्यांचे गठ्ठे लावतो, पुढच्या कित्येक वर्षांचं वाचन ठरवतो, एक पुस्तक उचलायला वाकतो आणि चष्मा पडून फुटतो.

मागच्या वर्षी इथे गच्चीवर एकदम शांतता झाली. तेवढ्यात मागून एक पोरगं ओरडलं, "दुसरा चष्मा लई ले ना भो!" सगळे हसले. पण त्या पोराने नकळत मर्मावर बोट ठेवलं होतं. दुसरा चष्मा देणार कोण? डोळे तपासणारा, भिंग घासणारा, काडीचा स्क्रू पिळून देणारा, सगळे गेले. ज्या माणसांपासून सुटका झाली म्हणून बेमिस खूश होता, त्यांच्याच हातच्या वस्तूवर त्याचं वाचन चाललं होतं. 'पुस्तकी किड्याला शिक्षा झाली' असा याचा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. मला तो अजिबात पटत नाही. बेमिसची चूक असलीच तर ती गठ्ठ्यांची, सगळं पुढच्या वर्षांवर टाकण्याची. आपणही तेच करतो. कापूस घरात आला की बघू, पोरीचं लग्न उरकलं की बघू.

दुसरा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळप्रवासाच्या मालिकेतला 'द इनर लाइट'. जून १९९२ चा, पाऊण तासाचा. विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही त्याला १९९३ मध्ये मिळाला. अंतराळातल्या जहाजाचा कप्तान पिकार्ड वाटेत भेटलेल्या एका यंत्राच्या किरणाने बेशुद्ध पडतो आणि जागा होतो ते परग्रहावरच्या एका खेड्यात. तिथे सगळे त्याला कामिन म्हणतात, एलीन नावाची बायको आहे. पाच वर्षं तो 'माझं जहाज, माझं जहाज' करत राहतो. मग रमतो. मुलं होतात, बासरी शिकतो, एलीन जाते, नातवंडं खेळतात. गावात दुष्काळ, दरवर्षी जास्त. शेवटी कळतं की त्यांचा सूर्यच फुटणार आहे, वाचायचा मार्ग नाही, म्हणून आपली आठवण कुणाकडे तरी राहावी यासाठी त्यांनी ते यंत्र आकाशात सोडलंय. पिकार्डला जाग येते तेव्हा जहाजावर जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली असतात. ते गाव नष्ट होऊन हजार वर्षं झालीत. यंत्रात एक डबी निघते, डबीत बासरी.

हा एपिसोड खानदेशात वेगळाच दिसतो. कामिन सरकारी माणसाला हवेतून पाणी काढायची युक्ती सुचवतो आणि तो माणूस ती उडवून लावतो, तिथे आमच्या गच्चीवर हशा पिकला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. चौकात गावकरी आशेची खूण म्हणून एक रोप लावतात आणि दुष्काळातही जगवतात. आमची आत्या १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. ती म्हणाली, "प्यायला नाही अन् झाडाला घालतात, बरोबर आहे." इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नाही, मी मधे मधे थांबवून अहिराणीत सांगत होतो. (जाता जाता : कामिनच्या मुलाचं काम करणारा हा पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खरा मुलगा आहे. हे सांगितल्यावर बायका पुन्हा निरखून बघतात.)

आता निवड. कॉलेजची पोरं, वेळ कमी, लाइटचा भरवसा नाही, तर चष्माच लाव. भाषांतराची फारशी गरज नाही, उत्तरार्धात एकच माणूस आहे, आणि नंतर तासभर वाद रंगतो. फक्त घरात कुणाचं नुकतंच गेलेलं असेल तर नको. तो एपिसोड कुणाला धीर देत नाही, एका फटक्यात संपतो.

माहेरवाशिणी आणि म्हातारी माणसं बसणार असतील तर बासरी. पहिली पंधरा मिनिटं पोरं मोबाइल काढतील, काढू दे. एका घरात जगून दुसऱ्या घरी परतणं म्हणजे काय, हे आखाजीला आलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही एकाच रात्री लावू नकोस, मी ती चूक केलीय. चष्म्याचा विनोद बासरीवर सांडतो.

आणि शेवटचं दृश्य चालू असताना उठून लाइट लावू नकोस. त्यात बोलणं नाही, पिकार्ड खिडकीपाशी उभा राहून नुसती बासरी वाजवतो. मी घाईत बटण दाबलं होतं, तर आत्या रागावली, "राहू दे की जरा. एवढी वर्षं नांदला तो तिथं."