शहापूरच्या सराफी पेढीतील दगडांची पारख: सोने की पायराइट?

बेळगावातील शहापूर भागातल्या एका जुन्या सराफी पेढीत दागिन्यांसोबत बाहेरून आणलेल्या चमकत्या दगडांचीही पारख करून मिळते. मेटल डिटेक्टर घेऊन खानापूरकडच्या ओढ्यांतून आणि शेतांतून हिंडणाऱ्या आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी ही सोय मोलाची आहे. डिटेक्टर वाजला म्हणजे हातातला पिवळा दगड सोन्याचा, असे होत नाही. पायराइट म्हणजे सोन्यासारखे चमकणारे लोह-गंधकाचे खनिज; त्याला हे यंत्र सहसा दाद देत नाही. वाजते ते बहुधा जवळच्या गंजक्या खिळ्याने किंवा लोहयुक्त जांभ्या मातीने.

पेढीतील काका आधी दगड वळवून पाहतात. पायराइटचे घनाकृती स्फटिक आणि त्यांवरील बारीक समांतर रेषा भिंगातून स्पष्ट दिसतात. मग एक कण काढून ते हलक्या हातोडीने ठोकतात, कारण सोने चपटे होते आणि पायराइटचा भुगा होतो. त्यानंतर कसोटीच्या दगडावर कस उमटवतात: सोन्याचा पिवळा, तर पायराइटचा हिरवट काळा. शेवटी कसावर तेजाबाचा थेंब सोडतात; त्यात शुद्ध सोन्याचा कस टिकतो. सुईचा ओरखडा सोन्यावर सहज उठतो, पण पायराइटची कठीणता खनिजांच्या १ ते १० च्या मोह्स मापनावर ६ ते ६.५ असल्यामुळे त्यावर उठत नाही, ही खूण घरीही तपासता येते.

मला विशेष आवडला तो त्यांचा प्रामाणिकपणा. कॅरेट मोजण्याचे यंत्र पेढीत आहे, परंतु ते दागिन्यांच्या मिश्रधातूंसाठी बेतलेले असून केवळ पृष्ठभाग वाचते, म्हणून दगडावर ते लावून आकडा देण्यास ते नकार देतात. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आणि पायराइटची सुमारे ५ पट असली, तरी गारगोटीत अडकलेल्या कणांवर पाण्यातील वजनाची युक्ती चालत नाही, हेही ते आधीच सांगतात. पायराइटसारख्या सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांच्या आत डोळ्यांना न दिसणारे सोने असू शकते. त्याचा निर्णय प्रयोगशाळेतील अग्निपरीक्षणानेच (नमुना वितळवून त्यातील सोने वेगळे काढून मोजण्याने) होतो, असे सांगून ते ग्राहकाला तिकडे पाठवतात.

उणीव एकच: लेखी अहवाल मिळत नाही. समजावणे मात्र मराठीत आणि कन्नडमध्येही मनापासून होते. दसरा, दिवाळी आणि अक्षय्य तृतीयेची गर्दी टाळून, दगड धुऊन आणि शक्य असल्यास सुटे कण वेगळे ठेवून जावे.