एन-क्लास की बी-क्लास? नव्या दवाखान्यासाठी ऑटोक्लेव्ह निवडताना

नवा दातांचा दवाखाना थाटताना बहुतेकांचे पैसे चेअर आणि एक्स-रेवर संपतात आणि उरलेल्या रकमेत जो बसेल तो ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी ऑटोक्लेव्ह ठरवा, चेअर त्यानंतर.

एन-क्लास म्हणजे आपला उभा, कुकरच्या जातीचा. १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं. पंपाने हवा खेचणाऱ्या बी-क्लासपेक्षा खूपच स्वस्त, आणि बिघडलाच तर गॅस्केट किंवा कॉइल तालुक्याच्या गावातही बदलून मिळते. फोर्सेप, एलिव्हेटर, आरसा, प्रोब अशी भरीव हत्यारं उघडी ठेवून निर्जंतुक करायला तो चांगला आहे.

त्याची खरी अडचण हवेची. आतली सगळी हवा बाहेर गेली तरच १५ पौंडांना १२१ अंश मिळतात. निम्मी हवा आत राहिली, तर त्याच दाबाला तापमान ११२ अंशांच्या आसपासच राहतं. दाबाचा काटा बरोबर दिसतो आणि जिवाणूंचे चिवट बीजाणू (स्पोअर) मात्र जिवंत राहू शकतात. हवा अडकते ती नेमकी एअरोटरच्या (दात कोरायच्या, हवेवर फिरणाऱ्या ड्रिलच्या) बारीक नळ्यांत, हत्यारं बंद करायच्या कागदी पाऊचमध्ये, गॉजच्या घड्यांत. त्यात एअरोटर थांबताना रुग्णाची लाळ आणि रक्त आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून तो बाहेरून स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णासाठी वापरणं मला अजिबात मान्य नाही.

बी-क्लासमध्ये पंप आधी हवा खेचून घेतो, वाफ सोडतो, पुन्हा खेचतो. असं काही वेळा झाल्यावर १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम होतं. शेवटी पंपच पाऊच कोरडे करतो, आणि याचं मोल फार आहे. ओल्या कागदातून जंतू परत आत शिरतात. कोरडं, बंद पाऊच उद्याच्या सर्जरीसाठी खुशाल ठेवता येतं. एन-क्लासमधून उघडी काढलेली हत्यारं लगेच वापरावी लागतात.

बी-क्लासचे काही खर्च कोटेशनमध्ये दिसत नाहीत. सुकवण्यासकट एक चक्र पाऊण तासाच्या घरात जातं, म्हणजे एअरोटर जास्त घ्यावे लागतात. डिस्टिल्ड वॉटर रोज लागतं, नळाच्या पाण्याने क्षार धरतात. मध्येच वीज गेली तर चक्र पहिल्यापासून. सर्व्हिसचा माणूस तुमच्या गावी किती दिवसांत येतो, हे आधीच लेखी घ्या.

ऑटोक्लेव्हऐवजी दुसरे उपाय चालत नाहीत. उकळलेलं पाणी बीजाणू मारत नाही. यूव्ही कपाट फार तर निर्जंतुक हत्यारं ठेवायला. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात खरं निर्जंतुकीकरण व्हायला दहा तास लागतात, वीस मिनिटं बुडवून ते होत नाही.

एअरोटर चालतो तिथे बी-क्लासच घ्या, आणि इम्प्लांट करणार असाल तर दुसरा विचारही नको. पैसे कमी असतील तर लहान चेंबरचा बी-क्लास घ्या आणि स्वस्तातला एन-क्लास भरीव हत्यारांसाठी जोडीला ठेवा. नुसता एन-क्लास मला पटतो तो तपासणी आणि दात काढण्यापुरत्या शिबिरातच.

यंत्र कोणतंही घ्या, दर आठवड्याला स्पोअर टेस्ट, म्हणजे बीजाणू खरंच मरतात का याची चाचणी, हवीच. पाकिटावरच्या इंडिकेटर टेपचा रंग बदलला याचा अर्थ पाकीट तापलं, एवढाच. शिवाय काही गोष्टी यंत्राच्या कक्षेबाहेरच्या असतात. तमिळनाडूत वाणियंबाडीला २०२३ मध्ये एका दंतचिकित्सालयाशी जोडलेल्या मेंदूच्या मेलिऑइडोसिसने (एका जिवाणूच्या संसर्गाने) रुग्ण दगावले. तिथे सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडून, सैल बंद करून, पुढच्या रुग्णांसाठीही वापरली जात होती. प्रत्येक सर्जरीला नवी, छोटी बाटली हा खर्चही बजेटमध्ये धरा.

आणि बी-क्लासचा शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच दवाखान्यात, तुमच्याच वीजजोडणीवर हेलिक्स टेस्ट करून दाखवायला सांगा. पोकळ नळीच्या टोकाशी ठेवलेल्या पट्टीचा रंग पूर्ण बदलला नाही, तर यंत्र परत पाठवा.