सड्यावरचं घर, विजेच्या खांबाविना: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या, कडेला आमचं घर आहे. सगळ्यात जवळचा विजेचा खांब खाली वाडीत. तिथून वरपर्यंत खांब-तारा आणायच्या तर खर्च आमच्या खिशातून, आणि वादळात त्या आडव्या व्हायच्या ते वेगळंच. २०२१ च्या तौक्ते वादळात कोकणात काय झालं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. म्हणून घर पूर्ण सौरवर घेतलं. दिवाळीनंतर सिस्टिम बसली, आता गणपतीही झाले. विक्रेते एप्रिलचे आकडे दाखवतात, म्हणून जुलैचे आकडे हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

सिस्टिम अशी: ५४० वॉटची आठ पॅनल, म्हणजे ४.३ किलोवॉट. ५ केव्हीएचा ऑफ-ग्रिड (विजेच्या लाइनला न जोडलेला) इन्व्हर्टर, एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा चार्जर) त्यातच. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, मिळून सुमारे १० युनिट. स्ट्रक्चर, अर्थिंग, वायरिंग धरून पाच लाखांच्या वर गेलं. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमलाच आहे, त्यामुळे आमच्या वाट्याला शून्य.

घरात आम्ही दोघं आणि आई. फ्रीज, चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, टीव्ही, लॅपटॉप, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि विहिरीवरचा एक एचपीचा पंप. स्वयंपाक गॅसवर, आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या बंबावर. गीझर आणि इंडक्शन घेतलेच नाहीत, आणि घेऊही नका. रोजचा खर्च पाच-साडेपाच युनिट. त्यातलं सव्वा युनिट एकटा इन्व्हर्टर खातो. घरात एक दिवा लागलेला नसला तरी तो पन्नास-साठ वॉट ओढत बसतो, चोवीस तास. कोटेशनमध्ये हा आकडा कुणी लिहीत नाही. डेटाशीटमध्ये ‘नो लोड’ची ओळ शोधा आणि इन्व्हर्टर त्यावरून निवडा.

नोव्हेंबर ते मे काही विचारू नका. बॅटरी अकराच्या आत भरते, पुढचं ऊन फुकट जातं. गंमत म्हणजे पॅनल मेच्या रणरणत्या उन्हात सगळ्यात जास्त देत नाहीत. तापली की त्यांचं उत्पादन उतरतं, अंशामागे साधारण ०.३५ टक्के. डिसेंबरातल्या गार, स्वच्छ दुपारी मीटरवर जो आकडा दिसला, तो मेमध्ये एकदाही दिसला नाही.

आता पावसाळा. जुलैत बऱ्या दिवशी पाच-सहा युनिट मिळतात, म्हणजे कसंबसं भागतं. पण झड लागली की दोन-तीन. दहा युनिटची बॅटरी अशी झड तीन दिवस ओढते, चौथ्या दिवशी जनरेटर. आमचा छोटा पेट्रोलचा आहे. लिटरला दीड-दोन युनिट, म्हणजे पेट्रोल शंभरीपार असताना ही वीज पन्नास ते सत्तर रुपये युनिट पडते. तरी तो हवाच. कोकणात जनरेटरशिवाय शंभर टक्के ऑफ-ग्रिड म्हणणारा एक तर दोन दिवे लावून राहतो किंवा त्याने पॅनल आमच्या दुप्पट घातलेत.

पावसाळ्यातच आणखी एक प्रकार कळला. ही लिथियम बॅटरी भरलेली असो की अर्धी, व्होल्टेज जवळपास तेवढंच दाखवते. म्हणून किती टक्के उरली हे आत-बाहेर गेलेली वीज मोजून ठरतं, आणि तो हिशेब बॅटरी पूर्ण भरली की जागेवर येतो. झडीत ती आठ-दहा दिवस पूर्ण भरतच नाही. एका रात्री स्क्रीनवर ३४ टक्के असताना घर काळोखात गेलं. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘‘बॅटरी बदलावी लागेल.’’ बदलली नाही. दुसऱ्या दिवशी जनरेटरवर काठोकाठ भरली, आकडा ताळ्यावर आला. आता आठवड्याला एकदा ती पूर्ण भरेल एवढं बघतो.

याच माणसाने पॅनलच्या बाजूला घरगुती एसी एमसीबी, म्हणजे घरातल्या एसी विजेसाठीचा ब्रेकर, लावला होता. हे मात्र घरी जाऊन आधी तपासा. पॅनलकडून येणारा डीसी करंट एसीसारखा क्षणाक्षणाला शून्यावर येत नाही, त्यामुळे तोडताना ठिणगी विझत नाही आणि आग लागू शकते. डीसीचाच ब्रेकर हवा. अर्थिंगचंही तसंच. सड्यावर हातभर मातीखाली जांभा, त्यात सळई ठोकून भागत नाही. आम्ही खोल खड्डा घेऊन बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं, वर सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला जोर जमिनीत सोडणारं उपकरण). मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात इथे विजा कशा पडतात ते माहीत असेल तर हा खर्च टाळणार नाही.

देखभाल म्हणाल तर फार नाही. पॅनलच्या खालच्या कडेला फ्रेमपाशी पाणी साचून शेवाळ धरतं, ते मऊ फडक्याने पुसायचं. माडाची एक झावळी दुपारी तीननंतर एका पॅनलवर सावली टाकायची आणि अख्ख्या रांगेचं उत्पादन पाडायची, ती तोडली. वांदर पॅनलवरून पळतात, काच अजून शाबूत आहे.

गणपतीत मुंबईहून माणसं आली, घर भरलं. सगळ्यांना मोबाईल चार्जिंगची चिंता. वास्तविक एका युनिटमध्ये चाळीसेक मोबाईल सहज भरतात. वीज खाल्ली ती रात्रभरच्या जास्तीच्या पंख्यांनी आणि दिवसातून तीनदा लावाव्या लागलेल्या पंपाने. मखराचं लायटिंग एलईडीचं, ते हिशेबातही नव्हतं. दीड दिवस ऊन पडलं, निभावलं.

दिनक्रम मात्र बदलतो. पंप आणि वॉशिंग मशीन अकरा ते दोनमध्येच. इस्त्री उन्हाच्या दिवशी. आईने सिस्टिमचं ॲप कधी उघडलेलं नाही, पण खिडकीतून बघून ती सांगते, ‘‘गो, काळवंडून आलंय, वाटण आत्ताच करून घे,’’ आणि तिचा अंदाज ॲपपेक्षा बरा निघतो.

घ्यावं का? दारात लाइन असेल तर ती तोडून हे करू नका. ग्रिडला जोडलेली सिस्टिम घ्या, अनुदानही मिळेल. लाइन नसेल, किंवा आणायला लाखो रुपये लागत असतील, तर जरूर घ्या, फक्त विक्रेत्याकडून जुलैचा हिशेब लिहून मागा. आम्हाला तिसरी बॅटरी घ्या म्हणून सल्ला मिळतोय. पण झडीत वाढीव बॅटरीत भरायला वीजच नसते. तेवढ्या पैशांत कितीतरी जास्त पॅनल येतात आणि ढगाळ दिवशी तीच कामाला येतात. मेच्या आत आणखी चार चढवणार आहोत.