ठोकळे झकास, पण पियानो लिफ्टमध्ये मावेना (५ पैकी साडेतीन स्टार)

शहरात नवीन नागरी आणि कला केंद्र बांधायचंय, त्याच्या वापरकर्त्यांच्या कमिटीवर मी दीड वर्ष आहे, साऊंडवाला म्हणून. प्लॅनिंग आणि डिझाइन एका फर्मकडे आहे, नाव घेत नाही, काम अजून चालूय. तुमच्याकडे असं काही घाटत असेल तर वाचा.

आधी चांगलं सांगतो. पहिले तीन महिने यांनी एक रेघ मारली नाही, नुसते विचारत बसले. कोण येणार, येऊन काय करणार, प्रयोग नसलेल्या दिवशी सकाळी अकराला आत कोण असेल. मला जाम वैताग आला होता, म्हटलं पैसे कशाचे घेतायत हे. मग एका मीटिंगला लाकडी ठोकळे घेऊन आले, एक ठोकळा म्हणजे एक जागा, सगळे एकाच स्केलमध्ये. मोठं नाट्यगृह, छोटं नाट्यगृह, तालमीच्या खोल्या, गॅलरी, लायब्ररी, दाखले-परवान्यांच्या खिडक्या. आम्ही हौसेनं प्लॉटच्या कागदावर मांडले, दाबून दाबून मावले, सगळे खूश. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका मॅडमनी पिशवीतून राखाडी ठोकळे काढले. हे कॉरिडॉर, हे जिने, ही भिंतींची जाडी, हा एसी प्लांट, ही टॉयलेट. आधीच्या ढिगाच्या जवळपास निम्मे! कागदाच्या बाहेर ठोकळे सांडायला लागले आणि जे सदस्य दोन महिने तावातावाने बोलत होते ते गप्प. त्या दुपारी दोन खोल्या आणि गॅलरीचा अर्धा भाग कटला, कुणी आवाज न चढवता. एक स्टार फक्त या दुपारचा.

आता माझं दुखणं. मोठा हॉल 'मल्टिपर्पज', म्हणजे नाटक पण, भाषण पण, ऑर्केस्ट्रा पण. ऐकायला छान वाटतं. पण शब्द नीट कळायचे असतील तर हॉलमधला आवाज साधारण एका सेकंदात विरला पाहिजे आणि ऑर्केस्ट्राला तोच दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळायला हवा असतो. मी विचारलं हे कसं करणार, उत्तर आलं, पडदे लावू. अहो, पडदा आवाज खातो, वाढवत नाही! हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ सॅबिन यांनी १८९० च्या दशकात खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून लेक्चर हॉलमध्ये ठेवल्या आणि मोजून दाखवलं की हॉलचं आकारमान वाढलं तर आवाज जास्त रेंगाळतो, शोषणारं सामान वाढलं तर कमी. म्हणजे उंची आणि आकारमान आधीच ठेवावं लागतं, मग नाटकाच्या दिवशी पडदे सोडून ते आवरायचं. उलटं होत नाही. आणि यांनी अकूस्टिकवाला, म्हणजे हॉलमध्ये आवाज कसा घुमेल ते बघणारा, बोलावला कधी, तर हॉलचा आकार फिक्स झाल्यावर. त्याने छत चार मीटर वर न्या म्हणून सांगितलं आणि सगळे स्ट्रक्चरवाल्याच्या तोंडाकडे बघायला लागले. अडीच महिने गेले यात.

हे आमच्याकडेच होतं असं नाही म्हणा. सिडनी ऑपेरा हाऊसचा मोठा हॉल ऑपेरा आणि ऑर्केस्ट्रा दोन्हीसाठी धरला होता, काम चालू असताना ठरलं की तिथे ऑर्केस्ट्राच, ऑपेरा छोट्या हॉलमध्ये, आणि बसवलेली स्टेजची यंत्रं उपटून काढावी लागली. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, सगळा काही यामुळे नाही, पण गेला. न्यूयॉर्कला १९६२ चा फिलहार्मोनिक हॉल, डिझाइन होत आलेलं असताना खुर्च्या वाढवल्या, आकार बिघडला, १९७६ ला आतून पूर्ण पाडून पुन्हा बांधला, तरी आवाजाच्या तक्रारी, शेवटी २०२२ ला ५०० हून जास्त खुर्च्या कमी करून परत उघडला. खुर्च्या वाढवा म्हणणारे आमच्याही कमिटीत तिघं आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम टाइप केलंय.

पियानोचा किस्सा तर राहिलाच. ट्रक तळमजल्यावर, स्टेज एक मजला वर, मधे मालाची लिफ्ट, ड्रॉइंगमध्ये एकदम सुटसुटीत. मोठा कॉन्सर्ट पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरात. मी आणि एका लाइटवाल्याने मीटिंग रूमच्या फरशीवर मास्किंग टेपने लिफ्ट आखली, आत पियानोची लांबी आखली, टोक अर्धा हात बाहेर. फर्मचा पोरगा पाच मिनिटं टेपकडे बघत उभा होता. मग म्हणाला, सर, तिरका केला तर? तिरका करून पण बघितला. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे स्टेजवर उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटी, तर त्याहून उंच, ते बोललोच नाही मी. पुढच्या ड्रॉइंगला ट्रकची जागा स्टेजच्या लेव्हलला आली, रॅम्प टाकून, आणि हे त्यांनी कुरकुर न करता केलं, मानलं पाहिजे.

थ्रीडी चित्रं एकदम भारी, प्रत्येकात संध्याकाळ आणि फुगा घेतलेलं पोरगं. लेडीज टॉयलेट वाढवायला तीन मीटिंग लागल्या, मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं हे त्यांना घड्याळ लावून सांगावं लागलं. एसी प्लांट अजूनही स्टेजच्या डोक्यावर आहे, त्यावर भांडण पुढच्या गुरुवारी.

फर्म घ्या, बिनधास्त घ्या, पण करार करताना अकूस्टिकवाला पहिल्या महिन्यापासून टेबलावर पाहिजे हे लिहून घ्या. आणि टेपचं बंडल घरून न्या, त्यांच्याकडे नसतं.